एक पोळी लाटेपर्यंत

बाबा मंगळवारी दुपारी गेले. आई तेव्हा कणीक मळत होती. ती कणीक तशीच राहिली.

त्यानंतर डोंबिवलीच्या घरात पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येऊ लागल्या. मी घोडबंदर रोडला राहते, शनिवारी आईकडे येते. माळा आवरताना बाबांच्या फ्लॉप्या सापडल्या. ठाण्यात खोपटजवळच्या एका संगणक दुरुस्तीवाल्याकडून त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. त्यांत पाढ्यांचा एक प्रोग्रॅम होता. मी शाळेत असताना बाबांनी तो माझ्यासाठी लिहिला होता. पडद्यावर सतरा गुणिले सात यायचं, मग थोडा वेळ काहीच नाही, मग ‘टुक्’ आणि उत्तर. त्या मधल्या वेळात मी मोठ्याने उत्तर द्यायचं.

आजच्या लॅपटॉपवर तो चालत नाही. जुन्या संगणकाचं सोंग घेणारा एम्युलेटर लागतो. त्याच्या काळ्या खिडकीत आधी टाइप करून सांगायचं, हा फोल्डर म्हणजे तुझी सी ड्राइव्ह समज. मग प्रोग्रॅमचं नाव. मी एंटर दाबलं आणि प्रश्न, उत्तरं, सगळं एकदमच धावत सुटलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “हे काय गं टुकटुकटुक? आपला माणूस साधी मेथी आणायला तास लावायचा. तो असं विचारेल?”

कारण मला नंतर कळलं. थांबण्यासाठी बाबांनी संगणकाला नुसतेच आकडे मोजायला लावले होते. त्यांचा संगणक ते सावकाश मोजायचा, आजचा क्षणात संपवतो. त्यांचं थांबणं प्रोग्रॅममध्ये होतं तसंच होतं, पण माझ्या उत्तराला त्यात जागा उरली नव्हती. एम्युलेटरला वेगाचा आकडा देता येतो. कुठला द्यायचा? बाबांचा संगणक कधीच भंगारात गेला होता. मी आकडा बराच खाली आणला.

“आता पेंगतायत,” आई म्हणाली. मग जरा वेळाने, “तुझं उत्तर येईपर्यंत माझी एक पोळी लाटून व्हायची. टुक् झालं की तव्यावर.”

तिने पोळपाट काढला. कणीक भिजवली, झाकून ठेवली. मी लॅपटॉप घेऊन ओट्याशी उभी राहिले. ती लाटायची, मी आकडा बदलून प्रोग्रॅम पुन्हा चालवायची.

“लवकर वाजलं.”

“आणि आता?”

“आता उशीर. अगं थांब, पीठ तरी लावू दे!”

शेवटी पोळी तव्यावर पडली आणि टुक् वाजलं.

“हं,” आई म्हणाली. “हे ते.”

तिचा हात पूर्वीपेक्षा सावकाश चालतो, हे मला दिसत होतं.

तो आकडा मी प्रोग्रॅम सुरू करायच्या ओळीतच घालून ठेवला आहे. तो बाबांच्या संगणकाचा नसणार. शनिवारी आई पोळ्या करते, बाकीचे दिवस केंद्रातूनच येतात. मी ती ओळ टाइप करते. सतरा गुणिले सात येतं, आणि उत्तर द्यायला वेळ असतो.