बाबांच्या तोंडचा हिप्पी

ज्याच्याशी लग्न करायचं मी ठरवलं होतं, त्याला पहिल्यांदा बडनेऱ्याच्या आमच्या घरी नेलं. तो धारणीकडच्या एका शाळेत शिक्षक. केस खांद्यापर्यंत, एका कानात बाळी. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी त्याला जंगलातल्या रस्त्याबद्दल विचारलं, चहा पाजला आणि बसपर्यंत सोडूनही आले.

परत आल्यावर मात्र अकोल्याच्या आत्याला फोनवर म्हणाले, "पोरगं हिप्पी हाये."

हिप्पी म्हणजे गांजा ओढणारा, घरदार सोडून भटकणारा, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी फोन ठेवताच मी म्हणाले, "बाबा, तो सुपारीबी खात नाई."

"मंग? मी कुठं म्हटलं खाते म्हणून?"

"तुमी हिप्पी म्हटलं नं त्याले."

"केस वाढवले का हिप्पी. आमी कटिंगवाल्याले सांगत जावो, कानावर येऊ दे, हिप्पी ठेव. तुह्या आईले पाहाले गेलो तवा मीबी हिप्पीच होतो."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माह्या बापानं आधी केस कापाले लावले, मंग हो म्हटलं."

"याले नको लावू कापाले," बाबा मला म्हणाले. "चांगले दिसते."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मग त्याला फोन लावला. बसच्या खडखडाटात त्याला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून "बाबा हो म्हणाले" हे मी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा मला बरं वाटलं.