दिवेलागणीच्या आत

मालोजीराव हट्टी माणूस. पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथ चालवण्यात उभा जन्म गेला, पण साहेब असो की डॉक्टर, कुणाचं ऐकलं असेल तर शपथ. ऐकायचे ते एकट्या बायकोचं, इंदिराबाईंचं, तेही फक्त भाजीच्या बाबतीत.

हातोदजवळ विक्रांत नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात शहरातली माणसं थोडे थोडे वाफे भाड्याने घेतात. त्यातला एक तुकडा इंदिराबाईंचा. नवरा निवृत्त झाला तेव्हा त्यांनीच त्याला तिथे जुंपलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "दिवेलागणीनंतर वेलाला हात लावायचा नाही. वेल झोपतात. तोडायचं ते उजेडात, और सीधे घर." हा नियम मालोजीरावांनी कधी मोडला नाही.

यंदा मात्र वाफे त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडले. इंदिराबाईंचं पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अन्न जात नव्हतं. बाजारचा दुधी शिजवून दिला की त्या ताट सरकवायच्या. "आपल्या वेलाची लौकी आणा ना. ती खाईन मी, पक्का."

आणि वसंत ऋतूने नेमका याच वर्षी खेळ मांडला. पहिलं बी थंडीने मातीतच कुजलं. दुसरं रुजलं, तर होळीआधीच असं ऊन तापलं की पोटाशी इवला दुधी घेऊन आलेली फुलं एकेक करून गळाली. मालोजीराव बायकोची जुनी साडी बांधून वेलाला सावली करत होते. अखेर पाडव्याच्या सुमारास एकच दुधी धरला. तो केवढा झाला ते रोज घरी येऊन हाताने दाखवायचे आणि इंदिराबाई पडल्या पडल्या म्हणायच्या, "अजून थोडी भरू द्या."

एका संध्याकाळी गारांचा इशारा द्यायला विक्रांतचा फोन आला. "काकाजी, ओले गिरने वाले हैं. आज ही तोड़ लो."

स्कूटर दामटून ते पोहोचले तेव्हा विक्रांतच्या घरात दिवा लागला होता. त्यांनी देठाला हात घातला आणि तसाच मागे घेतला. कधी तोडला, असं इंदूने विचारलं तर तिच्याशी खोटं कसं बोलायचं? दुधीवर पोतं बांधून ते परतले.

रात्री गारा पडल्या. सकाळी पोत्याखाली दुधी फुटलेला होता, वेल चिखलात लोळत होता.

"काल हातात होता गं," खाटेशी उभं राहून ते म्हणाले. "पण दिवेलागण झाली होती." एवढा हट्टी माणूस, पण लहान मुलासारखा रडला.

इंदिराबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, वेल कुठले झोपतायत? तिन्हीसांजेला तुम्हाला दिसत नाही नीट. तो रस्ता ट्रकांचा. डोळ्यांचं नाव काढलं असतं, तर ऐकलं असतं तुम्ही? काल अंधारात येत होतात ना, तेव्हा मला लौकी आठवली पण नाही."

वैशाख लागायच्या आत त्या गेल्या.

पुढे मालोजीरावांनी मुकाट्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता संध्याकाळीही लख्ख दिसतं. तरी ऊन कलंडलं की ते खुरपं ठेवतात, वेलावर दुधी लोंबत असला तरी राहू देतात, आणि दिवेलागणीच्या आत घरी येऊन कुलूप उघडतात.