ऑनोरा क्विग्लीच्या मेंढ्यांची खरूज

पोर्ट फिलिप या इंग्रजी वसाहतीतल्या त्या मुलखाला सरकारी नकाशात ‘रिकामी जमीन’ म्हणत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं नकाशा काढणाऱ्याला दिसली नसावीत. बिचाऱ्याचं सगळं लक्ष गवताकडे. शेजारच्या कॅप्टन लॅडब्रूकला मात्र घरबसल्या दिसे ते ऑनोरा क्विग्लीच्या ओढ्याचं पाणी.

ऑनोरा मूळची आयर्लंडची. एका चोरलेल्या मेंढीपायी सरकारने तिला स्वतःच्या खर्चाने जगाच्या या टोकाला आणून सोडलं होतं. शिक्षा संपल्यावर तिने पाळलं काय, तर मेंढ्याच. नवरा दारू पिऊन मेला. मागे राहिली एक झोपडी, दोनेकशे मेंढ्या आणि ओढा.

कॅप्टनचे कळप हजारांचे. दोघांमधली सरहद्द म्हणजे त्याने नांगराने ओढलेली रेघ, आणि ती दरवर्षी ऑनोराच्या दिशेने सरके. जमीनच सरकते, असं कॅप्टनचं म्हणणं. यंदा रेघ ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आली. ओढा गेला असता, तर उन्हाळ्यात मेंढ्या तडफडून मेल्या असत्या आणि ऑनोरा पुन्हा कुणाची तरी भांडी घासत बसली असती.

मग कॅप्टनचा मेंढपाळ नजरेस पडला, की ती खरजेवरच्या तंबाखूच्या काढ्याची कढई चुलीवर चढवू लागली. मेंढ्यांना न्हाऊ घालत कपाळ बडवी, “खरूज गं बाई, खरूज! मेले, अंग घासू नकोस!” मेंढ्या ठणठणीत होत्या. पण खरजेचं नाव काढलं, की भले भले सद्गृहस्थ चर्चमधूनही उठून जात. रेघ जागच्या जागी थांबली.

कॅप्टनने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली. मॅजिस्ट्रेट अगदी निःपक्षपाती. दर रविवारी कॅप्टनकडे जेवत, पण मीठ कमी असेल तर तोंडावर सांगत. दोघे घोड्यांवरून, नाकाला रुमाल लावून आले. मेंढी जवळून बघायची गरज कुणालाच वाटली नाही.

“हा कळप आठवड्याच्या आत इथून हलव,” मॅजिस्ट्रेट म्हणाले.

“ऐकलंस ना गं थेरडे?” कॅप्टन म्हणाला.

ऑनोराने मनात हिशेब मांडला. मेंढ्या धडधाकट आहेत म्हणावं, तर रेघ ओढ्यापार जाणार. गप्प बसावं, तरी ओढा जाणारच.

“हुकूम सरकारांचा,” ती म्हणाली. “उद्याच निघते. वाट एकच, कॅप्टनसाहेबांच्या कुरणातून.”

“काय?”

“मागे डोंगर, साहेब. मेंढ्यांना पंख कुठले? त्यातून आजारी जनावरं, घाई करून कसं चालेल? तुमच्या झाडांना जरा अंग घासतील, तुमच्या पाणवठ्यावर दोन दिवस बसतील...”

कॅप्टनचा चेहरा पडला. “थांब, थांब! कुठेही जाऊ नकोस!”

“पण कायदा, साहेब?”

“कायद्याचं मी बघतो.”

मॅजिस्ट्रेट लांबच्या ढगांकडे बघू लागले.

“आणि ती तुमची रेघ?”

“मैलभर मागे घेतो. बाई, कृपा करून इथेच राहा.” कॅप्टनने टोपीसुद्धा काढली.

या देशात आल्यापासून तिला कुणी बाई म्हटलं नव्हतं.

“बघते,” ऑनोरा म्हणाली. “मेंढ्यांना विचारून सांगते.”