रविवारची पाटी

मुलं त्यांना हळूकाका म्हणत, आणि त्यात काही अतिशयोक्ती नव्हती. शाळेची व्हॅन ते अशी चालवत की वळणालाच वाटावं, आपणच चार पावलं पुढे जाऊन यांना भेटावं. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. काका त्यांना प्रेमाने हात करत.

घाई त्यांना फक्त रविवारी सकाळी असे. चहा झाला की ते व्हॅनच्या दोन्ही नंबरप्लेट स्क्रू काढून उतरवत, साबणाने धूत आणि अंगणाच्या कठड्यावर उन्हात वाळत ठेवत.

"घरातली भांडी कधी अशी घासली नाहीत," बायको म्हणायची.

"भांड्यांवर माझा नंबर आहे का?"

नव्या पाट्या लावायचा हुकूम निघाला तेव्हा गॅरेज चालवणारा त्यांचा मेहुणा समजावून थकला. "भाऊजी, या पाटीचं कुलूप एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. आणि तुटलं की पुन्हा लागत नाही."

"मग मी रविवारी काय करू?"

व्हॅनवर जुन्याच पाट्या राहिल्या.

पुढे एका रविवारी काका दुसरा चहा घ्यायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात तो कठडा मोकळा. त्यांनी अंगण पालथं घातलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावरही संशय घेऊन झाला. शेवटी पेंटरकडून तोच नंबर रंगवून आणला आणि घरात अवाक्षर काढलं नाही.

काही आठवड्यांनी हवालदार दारात उभे राहिले. "तुमच्या व्हॅनने बाजारात भाजीची हातगाडी उडवली आणि सुसाट पळाली. नंबर लोकांनी पाहिलाय."

"सुसाट?" बायको आतून म्हणाली. "आमची?" तिच्या आवाजात काकांना जरा कौतुकच ऐकू आलं.

पण शाळेने कळवलं की प्रकरण मिटेपर्यंत व्हॅन नको. दुसऱ्या दिवशी मुलं दुसऱ्या गाडीतून अंगणासमोरून गेली. त्या ड्रायव्हरने वळण एका झटक्यात घेतलं, आणि काकांचा पाय बसल्या जागी ब्रेक दाबत राहिला. मुलांना नेण्या-आणण्याखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला हवं असं कधी वाटलंही नव्हतं.

चौकीवर त्यांच्या बाजूने बोलायला बरेच जण आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "साहेब, यांच्या मागे अडकून मी स्वतः पहिल्या तासाला उशिरा पोचले आहे."

एक आई म्हणाली, "चढावर माझी मुलगी उतरून फूल तोडून परत आत बसेल, इतकी हळू."

"असं काही नाही," काका दुखावून म्हणाले. "उतारावर मी बऱ्यापैकी..."

मेहुण्याने त्यांचा पाय दाबला. "भाऊजी, गप्प बसा. सुटताय."

मग भाजीवाल्याने बाहेर जाऊन व्हॅन नीट पाहिली. "नंबर तोच, रंग तोच. पण त्या गाडीच्या टपावर सामानाची जाळी होती. ही ती नव्हे."

"मग तुमचा नंबर त्या गाडीवर गेला कसा?" साहेबांनी विचारलं.

काकांना कठड्यावरची चोरी सांगावीच लागली. बायको पहिल्यांदाच ऐकत होती. "चोराला कष्टसुद्धा नाहीत, साहेब," ती म्हणाली. "धुऊन, वाळवून, तयार."

साहेबांनी हसू आवरलं. "ती कुलपाची पाटी आजच्या आज लावून घ्या. म्हणजे हा नंबर पुन्हा साध्या पाटीवर दिसला, की गाडी चोराची हे आम्हाला लांबूनच कळेल. आणि पेंटरकडे परत जाऊ नका."

त्याच दुपारी मेहुण्याने काकांना पाट्या बसवायच्या दुकानात नेलं. सोमवारी मुलं व्हॅनमध्ये होती, आणि नेहमीसारखीच उशिरा पोचली.

पुढच्या रविवारी काका सवयीने स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले. फिरवायला स्क्रूच नव्हता. बंपरसमोर स्टूल टाकून त्यांनी पाटी जागच्या जागी पुसली, पण त्याला असा कितीसा वेळ लागणार? बायकोने स्वयंपाकघरातली भांडी त्यांच्यापुढे आणून ठेवली.

काकांनी एकेक भांडं साबणाने घासलं, कठड्यावर उन्हात ओळीने मांडलं, आणि सगळी वाळेपर्यंत तिथून हलले नाहीत. त्या दिवशी दुसरा चहा त्यांनी कठड्यापाशीच मागवला.