दिघीच्या चढावर अडकलेलं आमचं फिरतं घर

आमच्या गाडीत ओटा आहे, पलंग आहे, पाण्याची टाकी आहे. त्या दिवशी फक्त क्लच नव्हता.

गाडी म्हणजे एक म्हातारी व्हॅन. निवृत्त झाल्यावर मी हौसेने घेतली आणि आत संसार थाटला. (पहिला संसार होताच, हा चाकांवरचा!) मुरुडला मुक्काम करून आम्ही आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला निघालो. मी, बायको वंदना आणि मागच्या पलंगावर सासूबाई.

बोट धक्क्याला लागली. मी ऐटीत गाडी बाहेर काढून चढावर घेतली आणि पायाखाली 'टण्ण' झालं! क्लचचा पेडल आत गेला तो परत आलाच नाही. गाडी आचका देऊन बंद पडली. मागे समुद्र, बोटीवर अडकलेले मासळीचे टेम्पो आणि त्यांचे हॉर्न!

घाबरून मी गिअर न्यूट्रल केला. गाडी मागे सरकायला लागली!

हँडब्रेक ओढला, तर तो नुसताच वर आला. मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून ओरडलो, "वंदना, चाकामागे काहीतरी लाव!"

"काहीतरी म्हणजे काय?"

"जड!"

तिने मागे वाकून ओट्यावरचा वरवंटा उचलला. (सासूबाईंना मिक्सरची चटणी चालत नाही. देव त्यांचं भलं करो!)

"अगं, माझा वरवंटा कुठे नेतेस?"

"आई, तू आधी खाली उतर!"

पण बाजूचा सरकता दरवाजा अडकून बसला होता. पुढच्या सीटवरून चढून यायला सासूबाईंचे गुडघे तयार नव्हते. वरवंटा चाकामागे गेला, तरी मधूनच 'कर्र' करून घसरायचा. भरतीचं पाणी चढत होतं. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते.

"काका, गाडी काढा!" बोटीवरचा माणूस ओरडला.

"पाय काढला तर गाडी तुमच्याकडेच येईल!" मी म्हणालो. तो दोन पावलं मागे सरकला.

"रझियाभाभींना फोन कर," मी वंदनाला सांगितलं.

रझियाभाभी दिघीजवळच्याच बोर्ली पंचतनच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे कित्येक वर्षं मस्कतला होत्या, तिथे अशाच व्हॅनमधून दोघांनी वाळवंट पालथं घातलं. आता जुन्या गाड्यावाल्यांच्या आमच्या ग्रुपवर कोणाचीही गाडी कण्हली की भाभी फोनवरून नाडी बघतात. आम्ही त्यांना कधी भेटलो नव्हतो.

"हात लावू नका, आले!" म्हणाल्या, आणि खरंच स्कूटरवरून आल्या. बुरख्यावर हेल्मेट, हँडलला पान्यांची पिशवी. खाली वाकून बघितलं.

"केबल तुटली हाय. न्यूट्रल कोणी केली?"

"मी."

"का?"

मी स्टिअरिंग पुसायला लागलो.

"पहिला गिअर टाका. मी बोलले की चावी मारा अन् ब्रेक सोडा. गाडी गिअरमध्येच सुरू व्हईल. पण एकदा चालली की थांबायचं न्हाय! थांबलात की परत बंद. माझ्या मागे या."

"अन् वळणावर?"

"वळा!"

टेम्पोवाले, कोळणी, वंदना, सगळे मागे जोर लावून उभे राहिले. भाभी ओरडल्या, "मारा!" मी चावी फिरवली. गाडी खोकली, धडपडली आणि बेडकासारखी उडी मारून चढ चढली! धक्क्यावर टाळ्या वाजल्या.

वर पोचल्यावर लक्षात आलं, बायको मागेच राहिली.

थांबायचं तर न्हाय! आरशात बघितलं, तर भाभींची स्कूटर सुसाट येत होती. मागे वंदना, तिच्या मांडीवर वरवंटा. मला ओलांडून भाभी पुढे झाल्या आणि हॉर्न वाजवत रस्ता मोकळा करू लागल्या. समोर म्हशी आल्या, भाभींनी हुसकावल्या. समोर एसटी आली, भाभींनी हात दाखवला. एसटी थांबली! मी मात्र पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, घामाने निथळत चाललो होतो.

मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, घाई आहे का कुठे?"

भाभींच्या अंगणात चावी बंद केली, तेव्हा गाडी पेंढ्याच्या उडवीला टेकून थांबली. भाभींनी दरवाजाला खालून एक हिसका दिला, तो मुकाट उघडला. मग माळ्यावरून जपून ठेवलेली केबल काढली, स्वतः गाडीखाली शिरल्या आणि ती बसवली. हँडब्रेकही ताणून दिला. वर आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण.

मी आभार मानायला लागलो. भाभी म्हणाल्या, "वाळवंटात आमची गाडी बंद पडली तवा एक अनोळखी माणूस दिवसभर उन्हात बसला अन् सुरू करून गेला. नाव पण न्हाय सांगितलं. त्याचं कसं फेडू? म्हणून फोन करील त्याच्याकडे जाते."

वंदनाचे डोळे भरले. माझेही. (पोटऱ्या अजून दुखत होत्या, पण ते कारण नव्हतं.)

निघताना मी चावीसाठी हात पुढे केला. भाभींनी ती सरळ वंदनाच्या हातात ठेवली.

मी गुपचूप मागे जाऊन पलंगाच्या कडेला बसलो. सासूबाईंनी मायेने जागा करून दिली.

"बसा, जावईबापू. इथे मागे काही भीती नसते. फक्त पुढे तुम्ही नसलात की झालं!"