कळशीत बसलेले पास्कल अंकल

इथले भुताखेतांचे अनुभव मी आवडीने वाचते आणि वाचून झाले की त्यातल्या चुका शोधत बसते, हे आधीच कबूल करून टाकते. धंदाच तसा आहे माझा. मी फोटोग्राफर आहे, प्रॉडक्टवाली. डबे, बाटल्या, मिक्सर, लोणच्याच्या बरण्या. नात्यातलं कोणीतरी महिन्यातून एकदा तरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भुताचा फोटो’ पाठवतं आणि मी लगेच उत्तर ठोकते — मावशी, ती धूळ आहे, फ्लॅश पडलाय त्यावर. काका, ते तुमचंच बोट आहे. आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधली लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर थांबायला लागली तेव्हा लोकांनी तिथे लिंबू-मिरची बांधली. मी लिफ्टवाल्याला बोलावून बटण बदलून घेतलं. तर मी ही अशी बाई. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच कसंतरी होतंय... आणि ते भीतीने नाही, लाजेने.

मी काम शिकले ते पास्कल अंकलकडे. राहणारे गोराई गावातले, पण स्टुडिओ बोरिवली पश्चिमेला, एका गल्लीत, जेमतेम दोन खोल्यांचा. पासपोर्ट फोटो, चर्चमधल्या कम्युनियनचे फोटो आणि आसपासच्या भांडीवाल्यांचे कॅटलॉग. भांड्यांच्या फोटोत अंकलचा हात धरणारं कोणी नव्हतं. चकचकीत भांड्याचा फोटो काढणं म्हणजे आरशाचा फोटो काढणं. समोरचं सगळं त्यात दिसतं — खिडकी, दिवे, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागचे तुम्ही. म्हणून भांड्याभोवती बटर पेपरचा तंबू उभारायचा आणि कॅमेऱ्यापुढे काळं कापड टांगायचं, त्याला लेन्सपुरतं भोक. अंकल तंबू झकास बांधायचे, पण कापड मात्र टांगायचे नाहीत. जीव घुसमटतो म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फोटोत भांड्याच्या पोटावर, तांदळाच्या दाण्याएवढे, ते स्वतः दिसायचे. मी कटकट करायचे, अंकल, पुसूया ना हे. तर म्हणायचे, “असू दे गं बाय, एवढंसं कोण बघतंय!”

पुढे त्यांचे डोळे गेले. म्हणजे एक पूर्ण आणि दुसरा बराचसा. स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यांनी सगळ्या फोटोंची हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. “तुझ्याकडं राहू दे. मला आता दिसत नाय, सँड्राला त्यातलं काय कळत नाय.” सँड्रा त्यांची मुलगी.

त्यानंतर मी एकटीच कामं घेऊ लागले. पण माझ्या पोर्टफोलिओत होतं काय? डोहाळजेवणं, दोन हॉटेलांची मेन्यूकार्डं आणि एका ब्युटी पार्लरचं उद्घाटन. अशात एका स्टीलच्या भांड्यांच्या कंपनीकडून फोन आला. पूर्ण कॅटलॉगचं काम, वर्षभर चालेल असं. त्यांची रूपल नावाची मॅनेजर, घाटकोपरची, माझ्याच वयाची. म्हणाली, “मेटल केलंयस का? मेटलचं काहीतरी पाठव ना.”

मेटलचं माझ्याकडे काहीच नव्हतं. अंकलच्या डिस्कमध्ये मात्र एक पितळी कळशी होती. त्यांनी तो फोटो काढला तेव्हा मी शेजारी बटर पेपर धरून उभी होते. मनाशी म्हटलं, पेपर मी धरला होता ना, म्हणजे अर्धा माझाच की. माणूस चोरी करताना किती हुशार होतो बघा!

पाठवण्याआधी अर्थातच अंकलना पुसावं लागलं. त्यासाठी फोटो मोठा केला आणि त्या दाण्याचा माणूस झाला. पांढरा हाफ शर्ट, बुटक्या स्टुलावर बसलेले, एक डोळा मिटलेला, आणि जिभेचं टोक ओठांत धरलेलं. लक्ष लागलं की ते तशी जीभ धरायचे. मी ब्रश घेतला आणि आधी शर्ट पुसला, मग हात, मग तोंड. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

रूपलने मला भेटायला बोलावलं. कळशी बघून विचारलं, “हा शॉट तुझा?” मी म्हटलं, “हो.” एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण ती म्हणाली, किती वेळ लागला, आणि मी अंकलची सगळी मेहनत माझी म्हणून रंगवून सांगितली. तंबू कसा बांधला, ऊन कसं आडवं आलं, सकाळची दुपार कशी झाली. काम मला मिळालं.

शूट मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका भाड्याच्या स्टुडिओत होतं. दुसरा मजला, रस्त्याकडची खिडकी आतून प्लायवूडने बंद केलेली. सकाळचे अकरा वाजले होते. आत मी आणि रूपल, तिसरं कोणी नाही. मी तंबू बांधला, काळं कापड टांगलं, कॅमेरा लॅपटॉपला जोडला. पहिलं भांडं उंच डबा होता, गळ्याशी दोन पट्ट्या असलेला. मॉडेल नवीन, बाजारात अजून आलं नव्हतं. मी बटण दाबलं.

रूपल लॅपटॉपसमोर होती. म्हणाली, “अगं, ते अंकल कोण आहेत?”

मला वाटलं कोणी दारात आलं. मागे बघितलं तर दार बंद. मग स्क्रीनकडे बघितलं. डब्यावर पांढऱ्या हाफ शर्टातला माणूस होता, बुटक्या स्टुलावर बसलेला.

मी काय काय केलं ते सांगते, कारण तुमच्यातही माझ्यासारखे चुका शोधणारे असतील. काळं कापड दुपटीने घातलं. दिवे बंद करून पुन्हा लावले. डबा काढून वाटी ठेवली, वाटी काढून कंपनीची स्टीलची कळशी ठेवली. लेन्स बदलली. शेवटी मी आणि रूपल दोघी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिलो आणि मी रिमोटने फोटो काढला. तरी ते होतेच. आणि नुसते चिकटवल्यासारखे नाही... उभट डब्यावर उभे ताणलेले, कळशीच्या पोटावर फुगलेले, वाटीत उलटे. खरा माणूस तिथे बसला तर जसा दिसेल अगदी तसे. आणि कापडाच्या पलीकडे, म्हणजे कापड आणि भांडं यांच्या मधल्या दोन फुटांत. मी तिथे हात फिरवला. काहीच लागलं नाही.

फोटो मोठा करायचं धाडस मला होत नव्हतं. रूपलनेच केला. जिभेचं टोक ओठांत होतं.

रूपल घाबरली वगैरे नाही. तिला वाटलं कुठल्यातरी पोस्टरचं रिफ्लेक्शन पडतंय. घड्याळ बघत म्हणाली, “यार मेघा, वेळ जातोय. पुसून टाक ना! तुझ्या त्या कळशीसारखं क्लीन दे मला.”

आणि मी पुसलं. सगळं खरं सांगायची वेळ ती होती, समोर माणूस बसलेला होता, आणि मला काय सुचलं तर ब्रश. दिवसभरात अकरा भांडी झाली. अकरा वेळा मी अंकलना पुसलं, शर्ट, हात, तोंड, त्याच क्रमाने. संध्याकाळी रूपल म्हणाली, “झकास काम झालं,” आणि मी थँक्यूसुद्धा म्हटलं!

माझी पहिली शंका तुमच्यासारखीच होती. अंकल गेले असणार. मी सँड्राला फोन लावला. तिने सहज सांगितलं, पप्पा बरे आहेत, आत्ताच चहा घेतला, नाताळपासून चर्चच्या पुढे कुठे गेले नाहीत.

चार दिवसांनी मी बोटीने गोराईला गेले. अंकल ओटीवर खुर्चीत बसले होते. चालण्यावरून ओळखलं मला.

“मेघा काय? बस. त्या उंच डब्याला डावीकडनं लाईट कमी दिलास तू. मी सांगत होतो, तू ऐकलंच नाय.”

“कुठला डबा, अंकल?”

“कुठला म्हणून काय विचारतेस? दोन पट्ट्यांचा. आणि परत तो काळा पडदा टांगलास. जीव घुसमटला माझा.”

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं हे. तर खांदे उडवून म्हणाले, “काय माहीत. हितंच बसलो होतो. डोळा लागला आसंल.” आणि पुढे म्हणाले, “मग पुसलंस मला. साफ पुसलंस हां! हात बसलाय तुझा आता.”

ते खरोखर कौतुक करत होते. शिकवलेल्या मुलीचं करतात तसं. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं. मग मी त्यांना कळशीचं सांगितलं, तिच्यावर माझं नाव घातल्याचं, रूपलला सांगितलेल्या गोष्टीचंही. ते ऐकत होते. शेवटी एकदम आवाज चढला.

“मागितला असतास तर नसता दिला काय मी तुला? आं? नसता दिला?”

सँड्रा आतून धावत आली. “काय झालं पप्पा?”

“काय नाय,” अंकल म्हणाले. “लाईटीचं सांगतोय तिला. चुकते अजून. तिला जेवायला वाढ.”

माझ्यासाठी ते लेकीशी खोटं बोलले. सँड्राने बोंबील तळले, आग्रहाने वाढले, आणि मी मान वर न करता जेवले. चव कशी होती, ते विचारू नका.

परतीच्या बोटीसाठी उभी असताना मी रूपलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कळशी माझी नाही, ती मेहनत माझी नाही, तू बघितलेले ते अंकल... तोही भाग सांगितला. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातले मूळ, न पुसलेले फोटो, माझ्याकडे अजून आहेत. दोन ओळखीच्या फोटोग्राफरना दाखवल्या. दोघांनी सांगितलं की यात जोडकाम नाही, कोणीतरी समोर बसलेलं होतं. तिथे कोणी नव्हतं. डब्याला दोन पट्ट्या आहेत हे गोराईत बसलेल्या, डोळे गेलेल्या माणसाला कसं कळलं, याचंही उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा, मी ऐकेन. पूर्वीसारखी हसणार नाही.

पुढचं काम कंपनीने दुसऱ्या कोणाला दिलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या दिवशी फोनवर रूपल रागावली नव्हती. तिने एवढंच विचारलं, “अगं, पण डबे तर तूच काढलेस ना? माझ्यासमोर. मस्त काढलेस. म्हणजे तुला येत होतं. मग खोटं कशाला बोललीस?”

बोट धक्क्याला लागली, लोक चढायला लागले, आणि मी फोन कानाला लावून तिथेच उभी राहिले. शेवटी “सॉरी” म्हटलं. तिने काही ते विचारलं नव्हतं.