ओलं फडकं आणि वाळ्याचा कूलर

आमच्या घराची पश्चिमेकडची मोठी खिडकी ही माझी कल्पना. बायको सांगत होती, "अहो, लहान ठेवा. तिकडून कारखान्यांचं वारं येतं." पण मी पडलो मास्तर. 'घर हवेशीर असावं' हे आयुष्यभर पोरांकडून घोकून घेतलेलं. निवृत्तीनंतर स्वतःचं पहिलं घर बांधायचं आणि त्यालाच हवा नाही, हे मला कसं सहन व्हावं? दारापेक्षा मोठी खिडकी घेतली. हवा आली. हवेबरोबर आणखी काय येतं, ते आमच्या पुस्तकात दिलेलं नव्हतं.

जालन्यात आमच्या बाजूला जो राहतो त्याला ती काळी भुकटी समजावून सांगावी लागत नाही. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या तशा लांब आहेत. पण सकाळी पुसलेल्या खिडकीच्या पट्टीवर दुपारी बोट फिरवावं तर बोटाला काजळ. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचा, आणि मी तो तसाच घालून लग्नाला जायचो. लोक म्हणायचे, "सर, रंग शोभतो तुम्हाला."

आता बायकोच्या बोलण्याविषयी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिचं एक वाक्य सुरू झालं की मी उठून चहा ठेवावा, गाळावा, प्यावा, कप विसळून परत यावं, तरी ते वाक्य अजून शेजारणीच्या भाचीच्या साखरपुड्यापाशीच असायचं. श्वास ती कधी घ्यायची हे मला संसारात कधी दिसलं नाही. नव्या घरात आल्यावर तिची वाक्यं आखूड व्हायला लागली. लाज वाटते सांगायला, पण आधी मला वाटलं, उशिरा का होईना, आपला विजय झाला. मग एकदा ती गच्चीवरून कपडे घेऊन उतरताना जिन्यातच बसलेली दिसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी सांगितलं, दमा आहे. घरात धूळ नको, धूर नको, फिनेल नको, ॲसिड नको, उदबत्ती नको. "आणि जमलं तर मॅडमना गावाकडं ठेवा."

गावाकडं म्हणजे टेंभुर्णीला, तिच्या धाकट्या भावाच्या मळ्यात. भावानं त्याच संध्याकाळी फोन केला. "दाजी, अक्काला इकडं पाठवून द्या. खोली झाडून ठेवलीय."

बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला. "न्हाई येणार," ती म्हणाली. श्वास घेतला. "माझं घर... हाय."

यात तिचा हट्ट नव्हता. नोकरीभर आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहिलो. कधी आष्टी, कधी कुंभार पिंपळगाव, बदली होईल तिथं. घरमालकांचा एकच नियम असायचा, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. तिच्याकडं बुद्धाची एक चौकट होती, लग्नात मिळालेली. ती सगळीकडं फळीवर, डब्यांना टेकून उभी राहिली. स्वतःच्या भिंतीवर स्वतःचा खिळा, त्यावर ती चौकट, आणि एप्रिलातल्या जयंतीला गल्लीतल्या बाया आपल्या घरात वंदनेला, एवढंच तिचं मागणं होतं. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, घर स्वच्छ ठेवून बघा. उन्हाळ्यात ठरवू."

मी म्हणालो, "घर माझ्यावर सोड."

त्या वाक्यावर कुणीतरी मला अडवायला पाहिजे होतं.

फिनेल बंद झालं म्हटल्यावर मी नैसर्गिक मार्गाला लागलो. आपल्याकडं मोसंबीला तोटा नाही. रसाच्या गाड्यावरून पोतंभर साली आणल्या. साली, गूळ आणि पाणी बाटल्यांत भरून ठेवायचं, काही महिन्यांत त्याचं फरशी पुसायचं आंबट पाणी तयार होतं. झाकण रोज सैल करून आतली हवा सोडायची असते. मला हे माहीत होतं. फक्त 'रोज' हा शब्द मी 'आठवण झाली की' असा धरला. एका दुपारी स्वयंपाकघरात धडाम झालं. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "सर, गॅस फुटला का हो?"

"न्हाई काकू, मोसंबी फुटली!"

साली छताला चिकटल्या होत्या. गुळाचं पाणी फोडणीच्या डब्यात गेलं होतं. बायको दारात उभी राहून हसायला लागली, आणि हसता हसता खोकायला लागली, आणि मग नुसतीच खोकत राहिली. मी दम्याच्या औषधाचा पंप आणून दिला. तिला हसवायची सुद्धा सोय उरली नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी थांबलो नाही. भांड्यांच्या साबणाला वास येतो म्हणून मेव्हण्याकडून चुलीची राख मागवली आणि ओसरीवर चाळत बसलो. राखेचा ढग खिडकीतून आत. आतून आवाज आला, "दमेकरणीच्या... दारात... राख चाळून राह्यले. पुढची... तयारी का?"

राख त्याच दिवशी झाडांच्या आळ्यात गेली. पडद्यांना कापड कशाला, म्हणून मी धान्याच्या पोत्यांचे पडदे शिवले. दिसायला झकास. पहिल्याच वाऱ्याला त्यांतून इतका भुसा उडाला की चिमण्या आत आल्या.

मग सामान. धूळ सामानावर बसते, तेव्हा सामानच कमी करू, हे मी ठरवलं, आणि सुरुवात अर्थातच तिच्या सामानापासून केली. गोधड्या, पत्र्याची पेटी, रुखवतातली भांडी. ती खुर्चीत बसून बघत होती.

"पेटी काढता," ती म्हणाली. "मंग तुमचे पेपर?"

पलंगाखाली माझे जुने पेपर होते, पलंग त्यांच्यावरच टेकलेला होता म्हटलं तरी चालेल. "त्यात महत्त्वाच्या बातम्या हायेत. कात्रणं करायचीत."

"कवा?"

"करणार."

"तोवर... मी राहीन का?"

ती चेष्टेत बोलली. मी पेपर काढले. रद्दीवाला गठ्ठे उचलताना शिंकून बेजार झाला. "सर, यात तर झुरळाच्या तीन पिढ्या शिकल्या," तो म्हणाला. पेटी घरातच राहिली, पण बंद कपाटात. गोधड्यांना धुतलेल्या साड्यांचे अभ्रे घातले.

खरं सांगायचं तर काही गोष्टी जमल्या. आणि ज्या जमल्या त्या सगळ्या साध्या होत्या, त्यात माझ्या हुशारीला कुठं जागा नव्हती. झाडू बंद करायचा, कारण झाडू धूळ उठवतो. जुन्या धोतराचं फडकं ओलं करून, घट्ट पिळून, एकाच दिशेनं पुसत यायचं. तेलकटपणाला रिठ्याचं पाणी. नळाच्या तोटीला अर्धं लिंबू. उघड्यावर काही ठेवायचं नाही. चादरी उन्हात, पण कारखान्याच्या वाऱ्याची वेळ टाळून. नळाला पाणी कधी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, म्हणून फडकं धुतलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला.

थंडीच्या शेवटी तिचा श्वास जरा सुटला. एका सकाळी तिनं हातोडी मागितली. खिळा तिनं स्वतः ठोकला. वाकडा गेला. मी म्हणालो, "काढून सरळ ठोकू का?"

"हात लावून बघा," ती म्हणाली. चौकट लागली. ती मागं सरकून बघत राहिली, आणि मग मला त्या चौकटीची सबंध हकीकत सांगायला लागली. माझा चहा गाळून झाला तरी ती बोलत होती. मी कप मुद्दाम हळू विसळला.

तेवढंच. मार्च लागला.

आमच्याकडचा मार्च अंगाची भाजणी करतो. भुकटीसाठी खिडक्या बंद ठेवलेल्या, त्यामुळे घराची भट्टी झाली. आणि मला कल्पना सुचली. कूलरमधलं जुनं गवत काढायचं आणि त्याजागी वाळ्याच्या ताट्या बसवायच्या. वाळा म्हणजे गवताची मुळंच. ओला झाला की थंडावा देतो आणि सुगंध सुटतो. गारवा, सुगंध, सजावट आणि निसर्ग, चारही एका खर्चात! ताट्या मी स्वतः सुतळीनं शिवल्या, वर वेणीसारखी नक्षी काढली. कूलर त्या मोठ्या खिडकीत बसवला आणि कडेच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. बाकीच्या खिडक्यांच्या फटीही बुजवल्या. घर डबाबंद. नळाचं पाणी कूलरला घालायचं पाप नको म्हणून भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी टाकीत ओतत गेलो. एक थेंब वाया नाही.

पहिल्या दिवशी ती कूलरसमोर पडून राहिली. "वास... चांगला हाय," म्हणाली. मी त्या दिवशी गल्लीत दोघांना बोलावून कूलर दाखवला.

आठवड्याभरात खोकला परत आला. मी फडकं जास्त फिरवायला लागलो. सकाळी पुसायचो, दुपारी पुसायचो, फडकं प्रत्येक वेळी काळंच. मी कारखान्यांना शिव्या देत पुसत होतो. खिडक्या बंद, दारं बंद, मग हे येतं कुठून? ती पलंगावरून बघायची आणि काही बोलायची नाही. बोलायला श्वास लागतो. तिच्यापाशी तो शिल्लक नव्हता.

एका दुपारी ती उठून बसली आणि हातानं खिडकीकडं दाखवायला लागली. मला वाटलं, कूलर वाढवायला सांगतेय. मी बटण पुढं केलं. तिचे ओठ निळसर झाले तेव्हा मी रिक्षेसाठी पळालो.

दवाखान्यात तोंडाला मास्क लावून वाफ देत होते तेव्हा मला एकदम समजलं, ती कूलर बंद करायला सांगत होती. घरी येऊन ताटी उघडली. बाहेरच्या बाजूनं वाळा तव्यासारखा काळा. आतल्या बाजूनं, तांदळाच्या पाण्यावर, पांढरी लोकरीसारखी बुरशी. सगळ्या फटी बुजवून मी एकाच खिडकीत मोठा पंखा लावला होता, आणि तो कारखान्यांकडची हवा ओढून, बुरशीतून गाळून, सरळ तिच्या उशाशी सोडत होता. वर सुगंध.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "सर, कूलर काढा, ठीक आहे," ते म्हणाले. "पण कूलर नव्हता तेव्हाही ही हवा होतीच. फडक्यानं फरशी पुसता येते."

मेव्हणा जीप घेऊन आला. जयंती तोंडावर होती. "दाजी, तुम्ही बी चला."

"मी मागून येतो. घर आवरून."

"अजून काय आवरायचं ऱ्हायलं?" तो म्हणाला. त्यानं सहज विचारलं होतं.

बायको एकदा चौकटीसमोर उभी राहिली. मग जीपमध्ये बसली, आणि काचेतून खिडकीच्या पट्टीकडं बोट दाखवलं. पुसा. मी मान हलवली. जीप वळेपर्यंत तिचं बोट तसंच होतं.

जयंतीला बाया आल्या. मी मेणबत्ती लावली नाही, उदबत्ती लावली नाही. ती इथं नव्हती तरी लावली नाही. प्लास्टिकच्या पताका आणायच्या नाहीत, हे तिनं थंडीतच ठरवलं होतं, म्हणून तिच्या जुन्या निळ्या साडीच्या पताका कापल्या, पितळी वाटीत मोगरा ठेवला, दाराला कडुलिंबाची कोवळी डहाळी. फरशी अशी लख्ख की काकू म्हणाल्या, "सर, पाय ठेवायला भीती वाटती." शेजारच्या सुनेनं माझ्या मोबाईलवर बायकोला फोन लावून सगळं दाखवलं. मी फोन चौकटीसमोर धरला. वंदना झाली. तिकडून तिचेही ओठ हलत होते. बाया खीर खाऊन गेल्या.

फोन माझ्या हातातच होता. आता विचारायचं, असं मी सकाळपासून ठरवलं होतं. कूलर काढलाय, खिडकीला फळी ठोकलीय, परत कधी येतेस?

त्याआधी तीच सुरू झाली. "अहो त्या पताका उलट्या लावल्यात तुम्ही काठ वर पाहिजे व्हता आन् मोगऱ्याची वाटी खिळ्याच्या खाली न्हाई तर जरा बाजूला ठेवायची म्हंजे पाणी सांडलं तर भिंतीला लागत न्हाई आन् काकूंनी खीर परत घेतली का न्हाई त्यांना दोनदा आग्रह केल्याबिगर त्या घेत न्हाईत मागं त्यांच्या भाचीच्या साखरपुड्यात बी असंच झाल्तं तवा मी तिथं उभी व्हते म्हणून बरं..."

शिट्टी नव्हती. कुठंच थांबत नव्हती. असं वाक्य ती या घरात राहून कित्येक दिवसांत बोलली नव्हती. मी फोन कानाला लावून फळी ठोकलेल्या खिडकीपाशी आलो. फळीच्या कडेनं पट्टीवर पुन्हा काळी रेघ बसली होती. सकाळीच पुसली होती.

"...आन् ती आली तवा कळलं की पोरगा तिचा न्हाईच मावशीचा व्हता, अहो, ऐकून राह्यले ना?"

जे विचारायचं होतं ते मी विचारलं नाही.

"बोल, बोल," म्हणालो. "मी ऐकून राह्यलो."